रेड अलर्टला हसणारे काका

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

स. न. वि. वि.

मी लालबागला राहते आणि उपनगरातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाने ‘मुंबईचा पाऊस आणि हवामानाचे इशारे’ या विषयावर माझे व्याख्यान ठेवले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी आमच्याच मजल्यावरचे एक काका उठले. गिरणी बंद पडल्यापासून ते स्टेशनबाहेर नाश्त्याची गाडी लावतात. ते म्हणाले, “तुमच्या रेड अलर्टला आम्ही आता हसतो. सुट्टी दिली की ऊन पडते आणि काही सांगितले नाही की हिंदमाताला पाणी भरते.” सगळे हसले. मी चिडले आणि “हे विज्ञान आहे, यावर विश्वास ठेवावाच लागेल,” असे बोलून गेले. पुढची पंधरा मिनिटे मी पडद्यावर आलेख दाखवत राहिले आणि लोक चहा पिऊन निघून गेले. घरी आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, “तुझे बरोबर होते, पण तू भांडलीस.”

यंदा मंडळाने पुन्हा बोलावले आहे. माझे एक सहकारी सांगतात की ‘शक्यता’, ‘अंदाज’ असले शब्द टाळून ठामपणे बोलावे, कारण लोकांना ठाम बोलणारा माणूस आवडतो. शिवाय या वेळचा खर्च एक बांधकाम व्यावसायिक उचलणार असून त्याचा फलक मंचावर लागणार आहे, आणि ते मला कुठेतरी खटकते. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मोठे मामा रोज काहीतरी अशास्त्रीय पाठवतात. त्यांच्याशी बोलणे मी जवळजवळ सोडून दिले आहे. लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला आहे. तो परत कसा मिळवायचा?

— एक वाचक, लालबाग

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मोठा आहे, पण त्याच्या उत्तराची सुरुवात मला तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात सापडली. ते काका नाश्त्याची गाडी लावतात. रेड अलर्टच्या दिवशी शाळा-महाविद्यालयांना सुट्टी मिळते, बऱ्याच कार्यालयांत घरून काम चालते आणि तुमचा-माझा पगार चालू राहतो. गाडीवाल्याने मात्र पहाटे उठून उकडलेले बटाटे संध्याकाळी टाकून द्यायचे असतात. त्या दिवशी ऊन पडले, तर त्यांच्यापुरती ती रोख पैशांची तूट असते. म्हणून त्यांच्या हसण्याला मी अज्ञान म्हणणार नाही. ज्याने एका इशाऱ्याची किंमत खिशातून मोजली, त्याने त्या इशाऱ्याचा हिशेब मागितला आणि तुम्ही हिशेब देण्याऐवजी त्याच्याकडे श्रद्धा मागितली. सभा तिथे हातची गेली. आलेख कितीही चांगले असते तरी ती परत मिळाली नसती.

हे कठोर वाटेल, पण हाच गुन्हा मी याहून वाईट प्रकारे केलेला आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. जुलैतल्या एका रात्री हवामान विभागाचे पत्रक आले. त्यात मुंबई आणि उपनगरांत ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता’ असे शब्द होते. मथळ्याला जागा तीनच स्तंभांची होती. ‘तुरळक ठिकाणी’ बसेना, ‘शक्यता’ही बसेना, तेव्हा मी दोन्ही काढून टाकले आणि ‘मुंबईत आज अतिमुसळधार’ असे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडले होते. कार्यालयाखालचा चहावाला ग्लास पुढे करत म्हणाला, “साहेब, आज पाऊस फक्त तुमच्या पेपरात पडला.” मीही हसलो. खुलासा छापावा असे मला सुचलेसुद्धा नाही, कारण अंदाज आमचा नसून हवामान विभागाचा आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. अंदाज त्यांचा होता हे खरे. चूक मात्र निखळ माझी होती, आणि चहावाल्याने ती हवामान विभागाच्या खात्यावर मांडली. अशा किती चुका दुसऱ्यांच्या खात्यावर मांडल्या गेल्या असतील, याचा विचार मी नोकरी सोडल्यावरच करू लागलो.

त्या काढून टाकलेल्या शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याचे उत्तर त्यांतच आहे. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम नसून मोजलेला आहे: त्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रे, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्याच्या वर गेले की ‘बहुतेक ठिकाणी’. ‘मुसळधार’ हाही कवितेतला शब्द राहत नाही. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे कोष्टक मुंबईतल्या किती वाचकांना कोणी एकदा तरी समजावून सांगितले असेल? आपण लोकांच्या हाती नेमक्या मापाचे शब्द देतो, माप मात्र स्वतःजवळ ठेवतो आणि मग लोकांना ते शब्द पळवाटेसारखे वाटतात, अशी तक्रार करतो.

आता काकांचे दुसरे वाक्य घ्या: ‘काही सांगितले नाही की हिंदमाताला पाणी भरते.’ तुम्हाला ते कुत्सित वाटले असेल. मला तो फार नेमका प्रश्न वाटतो. शहरातील जुने पर्जन्यजल वाहिन्यांचे जाळे ताशी २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते, आणि ती क्षमता ताशी ५० मिलीमीटरवर नेण्यासाठी ब्रिमस्टोवॅड प्रकल्प आखला गेला. समजा, एखाद्या दिवशी दादर-परळ भागात एकूण ६० मिलीमीटरच पाऊस पडला, पण तो सगळा एका तासात पडला आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला मोठी भरती होती, तर पाणी बाहेर जायला वाट उरत नाही आणि बशीसारखा सखल असलेला हिंदमाताचा भाग भरतो. मात्र चोवीस तासांच्या व्याख्येप्रमाणे तो दिवस ‘मुसळधार’ या पायरीलाही पोहोचलेला नसतो! म्हणजे अशा दिवशी हवामान विभागाचा अंदाज चुकलेला नसतो आणि काकांचे गुडघाभर पाणीही खोटे नसते. हे तुम्ही त्या संध्याकाळी सांगितले असते, “काका, तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचे कारण असे आहे,” अशी सुरुवात केली असती, तर सभा तुमच्या बाजूला आली असती. आणि समजा आली नसती, तरी निदान चहाच्या आधी उठली नसती.

पहिल्या वाक्याचे, म्हणजे सुट्टी दिली की ऊन पडते याचे, उत्तर जास्त अवघड आहे आणि तेच विज्ञान सांगणारे लोक सहसा टाळतात. चाळीच्या रखवालदाराचे उदाहरण द्या. प्रत्येक सावलीला शिटी फुंकणाऱ्या रखवालदाराच्या हातून एकही चोरी सुटणार नाही, पण चाळीत कोणाला झोप लागणार नाही. खात्री पटल्यावरच शिटी फुंकणारा सगळ्यांना झोपू देईल, पण एखाद्या रात्री चोर घर साफ करून जाईल. दोन्ही प्रकारच्या चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. रखवालदार जास्त हुशार झाला तर दोन्ही थोड्या कमी होतात, एवढेच. २६ जुलै २००५ नंतर या शहराने, बोलून असो वा न बोलता, असे ठरवले की न सांगता पाऊस कोसळण्यापेक्षा सांगून न कोसळलेला परवडला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदवला गेला, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईत तेव्हा ढगांतला पाऊस आणि त्यांची हालचाल टिपणारे डॉप्लर रडार नव्हते; पुढे कुलाब्याला आणि नंतर वेरावलीला ते बसले, आणि आता पुढच्या तीन तासांचा इशारा देणे शक्य झाले आहे. तरीही जो ढग आठ-दहा किलोमीटर रुंदीचा असतो, तो उद्या दुपारी कुर्ल्यावर रिता होईल की भांडुपवर, हे आदल्या संध्याकाळी कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

हे सगळे सांगितल्यावर प्रामाणिकपणे पुढचेही सांगावे लागते: खोट्या ठरलेल्या इशाऱ्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ती गाडीवाल्याला पडते, घरकाम करणाऱ्या बाईंना पडते, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला पडते. तुम्ही हवामानशास्त्राच्या वतीने ही किंमत भरून देऊ शकत नाही, पण ती तुम्हाला दिसते, एवढे तरी चारचौघांत म्हणू शकता. रंगांचा अर्थही सांगा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. लाल रंग हे ‘आज दिवसभर पाऊस पडणारच’ याचे वचन नाही. नारिंगी दिवशी गाडी लावायची की नाही, हे काकांनीच ठरवायचे आहे, आणि आपल्याला एवढी मोकळीक आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे.

लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला आहे, या तुमच्या विधानाशी मी सहमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६८ देशांतील ७१,९२२ लोकांना वैज्ञानिकांविषयी विचारले होते. पाचपैकी सरासरी ३.६२ गुण मिळाले, म्हणजे लोक वैज्ञानिकांवर मध्यमाहून बऱ्यापैकी अधिक भरवसा ठेवतात, आणि भारत त्यात वरच्या देशांमध्ये आहे. त्यातली खोच पुढे आहे. वैज्ञानिक आपल्या कामात निपुण असतात, असे ७८ टक्के लोक मानतात. ते प्रामाणिक असतात, असे ५७ टक्के. आणि ते इतरांच्या मताकडे लक्ष देतात, असे मानणारे फक्त ४२ टक्के आहेत. तुमच्या सभागृहाची ही जणू आकडेवारीच आहे. तुम्हाला विषय येतो, याविषयी तिथे कोणाच्याही मनात शंका नव्हती. तुम्ही आपले ऐकून घेणार नाही, असे त्यांना वाटत होते आणि तुम्ही ते खरे करून दाखवलेत.

तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला मी पूर्णपणे टाकून देत नाही. ठामपणा हवाच, पण जे ठाम आहे त्याच्याविषयी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून कित्येक महिने आधी काढता येते, आणि साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याच्या आधीच जाहीर करते. इथे ‘शक्यता’ म्हणण्याचे कारण नाही. वरळी कोळीवाड्यातल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारा, उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांचा हिशेब तो तिथीवरून तोंडपाठ सांगेल, आणि तो हिशेब तुमच्या वेळापत्रकाशी जुळेल. उद्या कोकण किनाऱ्यावर जोराचा पाऊस आहे, हे त्याहून कमी पक्के. तो लालबागलाच पडेल, हे आणखी कमी पक्के. या तीन पायऱ्या एकाच व्याख्यानात शेजारी शेजारी मांडल्या, तर ‘शक्यता’ या शब्दामागे लपणारा माणूस आणि मोजूनमापून तो शब्द वापरणारा माणूस यांतला फरक श्रोत्यांना आपोआप कळतो. मुंबईकराला अनिश्चितता समजत नाही, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पावसाळ्यात साडेदहाच्या कामासाठी जो नेहमीची सोडून आधीची लोकल पकडतो, तो रोज संभाव्यतेचे गणित करतच असतो. दहापैकी सात वेळा खरे ठरणारे भाकीत तीन वेळा चुकायलाच हवे, आणि ते कधीच चुकले नाही तर सांगणाऱ्याने आकडा चुकीचा सांगितला होता, हे त्याला पटवायला आलेख लागत नाहीत.

तुम्ही राहता त्या भागातच या विषयाचा सर्वांत जुना धडा घडलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. निदान अचूक होते. त्यानंतर सरकारने जे केले, म्हणजे घरात शिरून तपासण्या करणे, आजाऱ्याला कुटुंबापासून तोडून नेणे, सामान बाहेर काढून जाळणे, त्याचा परिणाम असा झाला की ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली आणि लोक आजारी माणसांना लपवू लागले. प्लेग आहे हे लोकांना दिसत होतेच. दारात उभ्या असलेल्या माणसांची त्यांना धास्ती होती. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, पण ते नाव मिळण्यापूर्वी काय घडले ते फारसे सांगितले जात नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. लस मुंबईहून निघताना निर्दोष होती आणि बाटली गावात उघडताना दूषित झाली, हे मान्य होऊन त्यांची सुटका व्हायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीने पाच वर्षे खाल्ली.

तुम्ही लस टोचून घ्यावी असे मी म्हणत नाही. तुमचा विषय पाऊस आहे. पण रेड अलर्टच्या दिवशी तुम्ही स्वतः काय करता, हे सभेत सांगा. नारिंगी दिवशी तुम्ही महाविद्यालयात जात असाल आणि गेल्या वर्षी एकदा कुर्ल्याला तीन तास अडकला असाल, तर तेही सांगा. ज्या इशाऱ्यावर सांगणारा स्वतः वागत नाही, त्यावर इतरांनी वागावे अशी अपेक्षा धरता येत नाही.

आणखी एक आठवण माहीमची आहे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीजवळ समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि रात्रीतून हजारो लोक बाटल्या घेऊन किनाऱ्यावर जमले. पाणी दूषित आहे, पिऊ नका, असे महापालिका सांगत राहिली, तरी लोक पीत राहिले. पावसाने फुगलेल्या मिठी नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे वर तरंगत राहिले, हे त्याचे साधे स्पष्टीकरण होते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच सुशिक्षितांनी त्या लोकांची मनसोक्त टिंगल केली. मी त्यांच्यातच होतो, म्हणून आज वाटते ते लिहितो: त्या लोकांनी ऐकीव गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता, त्यांनी जिभेवर पाणी घेऊन खात्री केली होती, आणि पाणी खरोखरच कमी खारट होते. प्रयोग झाला होता; फक्त ‘दुसरे काय कारण असू शकेल’ हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न विचारायला शिकवणे हे तुमच्या-माझ्यासारख्यांचे काम होते आणि आम्ही ते करायचे सोडून हसत बसलो. काका तुम्हाला हसले तेव्हा कसे वाटले, ते आठवा म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या माणसांना कसे वाटले असेल, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता फलकाविषयी. तुम्हाला खटकते आहे ते योग्यच खटकते आहे. व्याख्यान पुराचे, आणि मागे फलक बांधकाम व्यावसायिकाचा! २००५ च्या पुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने मिठीच्या पात्रातील अतिक्रमणे आणि भराव यांकडे बोट दाखवले होते. ते वाक्य तुम्ही त्या फलकासमोर उभ्या राहून उच्चारणार आहात का? उच्चारलेत तर यजमानाची अडचण होईल, गाळलेत तर श्रोते ते ओळखतील. मंडळाला स्पष्ट सांगा की खर्च म्हणजे शंभर कप चहा आणि ध्वनिक्षेपकाचे भाडे. तो वर्गणीतून निघू शकतो. मंडळाने ऐकलेच नाही, तर व्याख्यानाच्या पहिल्याच वाक्यात पैसे कोणी दिले ते सांगा आणि काय बोलायचे ते मात्र कोणाला विचारून ठरवलेले नाही, हेही सांगा. माझे मत विचाराल तर फलक नकोच.

मामांचे दुखणे वेगळे आहे आणि त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. मोठ्या माणसाला अख्ख्या नातेवाइकांसमोर खोटे पाडले की तो मत बदलत नाही, गट बदलतो. त्यांना फोन करा. हा संदेश तुम्हाला कोणाकडून आला, एवढेच आधी विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. बहुतेक वेळा त्यामागे कसली तरी भीती असते, गुडघ्याची, साखरेची नाहीतर हृदयाची. मग खरी गोष्ट काय ते प्रथम सांगा, अफवा एकदाच आणि थोडक्यात उच्चारा आणि ती का चूक आहे याचे एकच कारण द्या. पाच कारणे दिलीत तर ते त्यांतले सर्वांत कच्चे निवडून त्यावरच वाद घालतील. प्रत्येक संदेशाला उत्तर देऊ नका. ज्यामुळे कोणी औषध बंद करील किंवा मुलाची लस चुकवील, तेवढेच संदेश निवडा. सूर्यावर ‘ॐ’ ऐकू येतो असे मामा म्हणत असतील, तर म्हणू द्या.

यंदाच्या व्याख्यानाचे काय करायचे, ते आता सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधक जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी ‘चाय अँड व्हाय?’ या नावाने लोकांशी गप्पा मारत आले आहेत. जमल्यास एकदा जाऊन बसा आणि बोलणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्यांकडे लक्ष द्या. मंडळात पडदा लावू नका. सुरुवातीची वीस मिनिटे फक्त विचारा: गेल्या पावसाळ्यात कोणत्या दिवशी कोणाचे काय बुडाले, कोण कुठे अडकले, कोणता इशारा उपयोगी पडला. ते फळ्यावर लिहीत चला. काकांनी गेल्या वर्षी विचारलेले दोन्ही प्रश्न आधी वाचा आणि त्यांची उत्तरे द्या, आणि गेल्या वर्षी आपण ती दिली नव्हती हे तुमच्याच तोंडून येऊ द्या. व्याख्यान एकच ठेवू नका, दोन ठेवा: एक जूनच्या आधी आणि एक पाऊस संपल्यावर.

या दोन दिवसांच्या मधल्या काळासाठी चाळीच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवा. विकत आणण्याची गरज नाही. तोंडापासून तळापर्यंत एकाच रुंदीची काचेची बरणी आणि बाहेरून चिकटवलेली मिलीमीटरची पट्टी एवढे पुरते, कारण पावसाची उंचीच मोजायची असते; एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर पाणी, आणि शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलीमीटर पाऊस पडला तर दहा हजार लीटर, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर. तळमजल्याच्या फळ्यावर रोज तीन रकाने भरायचे: आदल्या संध्याकाळचा इशारा, कुलाबा-सांताक्रूझचे आकडे आणि आपल्या बरणीतला आकडा. तिन्ही जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत यावर जिन्यात जी चर्चा होईल ती तुमच्या व्याख्यानापेक्षा बरी असेल. इशारा चुकला तर ‘चुकला’ असेच लिहायचे, पुसायचे नाही. ऑक्टोबरात दुसऱ्या सभेत तो फळाच उभा करा आणि किती बरोबर, किती चूक ते लोकांना मोजू द्या. अंदाज निम्म्याहून अधिक वेळा चुकले असतील तर काका जिंकतील आणि तुम्हाला ते मान्य करावे लागेल. ही तयारी नसेल तर बरणी ठेवू नका.

नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची, कारण हवामान विभागाचा चोवीस तासांचा हिशेबही त्याच वेळी बंद होतो. तुम्ही त्या वेळी लोकलमध्ये असाल, म्हणून हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागेल. काका पहाटेच उठतात. गाडी लावायला निघण्याआधी जमेल का, असे त्यांना विचारून पाहा, आणि जमणार नसेल तर त्यांच्या घरातल्या शाळकरी मुलांपैकी कोणाला तरी नेमा. बरणी झाडाच्या किंवा टाकीच्या आडोशाला ठेवू नका, विटांमध्ये घट्ट बसवा आणि लोणच्याची फुगीर बरणी अजिबात वापरू नका.